खिशात एक नाणं आणि एक खिळा

नमस्कार मंडळी, आज एक अल्बम ऐकायचाय. जॉनी रॉल्सचा 'रिमेंबरिंग ओ. व्ही.', २०१३ सालचा. ओ. व्ही. म्हणजे ओ. व्ही. राइट, अमेरिकेतल्या मेम्फिसचा सोल गायक (सोल म्हणजे चर्चच्या सुरांतून आलेलं काळ्या लोकांचं संगीत), १९८० मध्ये गेला बिचारा, वय फक्त ४१. आणि रॉल्स हा मिसिसिपीचा ब्लूजवाला, सत्तरच्या दशकात याच राइटच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. हे लक्षात ठेवा हं, त्याच्याच मागे उभा राहून वाजवायचा.

पण आधी किस्सा, तो सांगितल्याशिवाय मला चैन नाही पडणार. १९६४ ची गोष्ट. मेम्फिसमध्ये रूझवेल्ट जेमिसन नावाचा माणूस, नोकरी ब्लड बँकेत आणि डोक्यात चोवीस तास गाणी. तर एका रात्री, बऱ्याच उशिरा, हा दोन गायकांना आणि एका टेप रेकॉर्डरला घेऊन क्विंटन क्लॉन्चच्या दारात उभा. क्लॉन्च गोल्डवॅक्स या छोट्या रेकॉर्ड कंपनीचा. क्लॉन्च गोरा, हे तिघं काळे, अमेरिकेचा दक्षिण भाग आणि साल १९६४, अशात रात्री दार वाजवायचं म्हणजे काय ते तुम्ही समजा. पण त्याने घरात घेतलं, आणि सगळे दिवाणखान्यात जमिनीवरच बसून टेप ऐकत राहिले! दोघांतला एक जेम्स कार, दुसरा आपला ओ. व्ही. जेमिसननेच लिहिलेलं 'दॅट्स हाऊ स्ट्राँग माय लव्ह इज' गोल्डवॅक्सने ओ. व्ही.च्या आवाजात काढलं. आणि मग? लगेच ओटिस रेडिंग या दुसऱ्या सोल गायकाने तेच गायलं, आज लोकांना ते त्याचंच वाटतं. वर ह्यूस्टनचा रेकॉर्ड कंपनीवाला डॉन रोबी येऊन म्हणतो, हा पोरगा गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं, गायचा तेव्हापासून माझ्या करारात आहे. झालं, गोल्डवॅक्सच्या हातून गेला, रोबीच्या बॅक बीट लेबलवर गायला लागला.

म्हणजे गाणं पहिलं याचं, नाव दुसऱ्याचं. परत सांगतो, गाणं पहिलं याचं.

बाकी आपल्याकडे जुन्या गाण्यांच्या प्रोग्रॅममध्ये निवेदकच गायकापेक्षा जास्त बोलतो ना, माझं डोकं फिरतं त्याने. असो, मीही तेच करतोय.

तर रॉल्स. ओ. व्ही. गेल्यावरही त्या बँडने 'एस ऑफ स्पेड्स बँड' म्हणून कित्येक वर्षं वाजवलं, त्यामुळे या अल्बममधली ओ. व्ही.ची गाणी कुठे श्वास घेतात ते याला रेकॉर्ड ऐकून शिकावं लागलं नाही. नुसती नक्कल करणारे ट्रिब्यूट मला सहन होत नाहीत, हा नक्कल करत नाही. ओ. व्ही.चा आवाज चर्चमधून आलेला, फाटेल की काय असा, रॉल्स मात्र निवांत गातो. काही गाण्यांत सोबतीला ओटिस क्ले हा सोल गायक आहे, तो आला की गाणं एकदम तापतं.

आता 'निकल अँड अ नेल' लावतो. सगळं गमावलेला माणूस, खिशात पाच सेंटचं नाणं आणि एक खिळा, बस. रेडिओचा आवाज जरा वाढवा, मोबाईलवर ऐकत असाल तर हेडफोन लावा, नाहीतर बेस गिटार कळणारच नाही.