'बाबा दुबईला असतात'

नमस्कार. बोर्डावर विषय लिहिलाय, 'एकल पालक : मुलांना काय सांगावं, कधी सांगावं'. त्यावर येतेच, पण आधी मला दुबईबद्दल बोलायचंय, कारण शाळेत समुपदेशन करताना हे इतक्यांदा ऐकलंय की कोणी 'बाबा दुबईला असतात' म्हटलं की माझे कान टवकारतात. (हशा) हसलात, म्हणजे तुमच्याही सोसायटीत एखादी दुबई आहे. कुणाकडे ती मर्चंट नेव्ही असते, कुणाकडे 'नागपूरला साइटवर'. नवरा सोडून गेलेला असतो, दुसरा संसार थाटलेला असतो, दारू असते, कधी तुरुंगसुद्धा, आणि आईला वाटतं पोराच्या कानावर हे जाऊ नये. अशा बाईला खोटारडी म्हणणाऱ्यांतली मी नाही. दिवसभर नोकरी करून, वाशी-ठाणे लोकलमध्ये उभ्याने येऊन दार उघडावं आणि पोरगं विचारतंय बाबा कधी येणार, तेव्हा तोंडातून जे निघतं ते मायेनेच निघतं हो.

कोपरखैरण्याची एक आई होती, ओळख पटेल असं काही सांगत नाही. दर दिवाळीला वाशीच्या मसाला मार्केटमधून खजुराचा डबा आणायची, चकचकीत कागदात बांधायची आणि बाबांनी पाठवलाय म्हणून मुलाला द्यायची. मुलाने मोबाइलमध्ये दुबईचं घड्याळ लावून ठेवलेलं. तिकडची वेळ आपल्या दीड तास मागे, तर रात्री साडेनऊला जेवताना हा म्हणायचा, आता बाबांकडे आठ वाजले. आई मान डोलवायची. आणि तो माणूस कल्याणला, दुसऱ्या बायकोसोबत.

सातवीत हा माझ्याकडे आला, म्हणजे वर्गशिक्षिकेने पाठवला, रोज पोट दुखतं आणि डॉक्टरांना तर काही सापडत नाही. इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाला, मॅडम, डब्याच्या खाली स्टिकर असतो, वाशीच्या दुकानाचा. मी म्हटलं, कधी बघितलास? म्हणाला, चौथीत. मग आईला का नाही विचारलंस? तर म्हणे, ती किती छान पॅक करते ना.

आता सांगा मला, कोण कोणाला जपत होतं? तीन वर्षं त्या पोराने आईचं खोटं सांभाळलं, घड्याळाचा खेळही चालू ठेवला, आणि मनात जे चाललेलं ते विचारायला घरात माणूस नाही, कारण विचारलं तर आई रडेल. माझं म्हणणं एवढंच आहे, झालं ते मुलाला कळू दे, आणि ते आईच्याच तोंडून कळू दे.

आता चिडून बोलते, चालेल ना? घरात आई कितीही जपून बोलली तरी बाहेर जग बसलंय. एका शाळेच्या ऑफिसात माझ्यासमोर, मुलगी शेजारी उभी असताना, क्लार्कने मोठ्याने विचारलं, वडिलांचा रकाना रिकामा का? रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. अहो, २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अविवाहित आईला मुलाचं पालकत्व घ्यायला वडिलांचं नाव उघड करायची गरज नाही. २०१६ च्या डिसेंबरपासून पासपोर्टला आई किंवा वडील, एकाचं नाव चालतं. आपल्या राज्यात तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव येतं. आणि हे क्लार्कसाहेब अजून 'मिस्टर कुठे असतात?' (टाळ्या) टाळ्या नकोत, शाळांच्या पालकसभेत उठून बोला.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली. बरं, मूळ विषय पटापट.

चार-पाच वर्षांच्या मुलाला एवढंच पुरतं: बाबा आपल्यासोबत राहत नाहीत, ते मोठ्यांच्या भांडणामुळे, तुझ्यामुळे नाही. हे शेवटचं पुन्हा पुन्हा सांगा, कारण मुलांना हमखास वाटतं की आपण हट्ट केला म्हणून बाबा गेले. आठ-नऊच्या पुढे ते विचारतील तेवढंच, पण खरं. 'वेगळे झालो', 'त्यांनी दुसरं लग्न केलंय', एवढ्या साध्या वाक्यात. मारहाण झाली असेल तर 'घरात राहणं सुरक्षित नव्हतं' म्हणा, वर्णन नको. कोर्टाचे कागद, पोटगीचे हिशोब, कोण कोणाला काय बोललं, हे मात्र मुलापासून खुशाल लांब ठेवा, ते ओझं त्याचं नाहीच. आणि बापाला शिव्या नकोत, मूल त्याच्यासारखं दिसतं, आरशात बघतं.

ज्यांची केस चालू आहे त्यांनी लक्ष द्या. १८९० चा पालकत्वाचा कायदा आहे, त्यात समज आलेल्या मुलाची पसंती कोर्ट विचारात घेऊ शकतं. जज मुलाशी बोलायला बसले आणि तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की आईबाबांची केस चालू आहे, तर त्याचं काय होईल? त्याआधी तुम्ही सांगा.

आजीआजोबांचं राहिलं. ते मुलाला हळूच वेगळंच सांगतात, त्यांना आधी बाजूला बसवून एक वाक्य ठरवा आणि सगळ्यांनी तेच बोला. दत्तक मुलांचा प्रश्न कुणीतरी लिहून दिलाय, तो मोठा आहे, त्याला आता वेळ नाही. मी खाली चहाच्या टेबलापाशी थांबते, तिथे बोलू.