"आम्हीपण चाळीत वाढलो, आम्ही कुठे चाकू काढला?"

नमस्कार मंडळी! मागे कुकर लावलाय, शिट्टी झाली तर सांभाळून घ्या.

मागच्या व्हिडिओत मी म्हणालो, हिंसेमागे माणसाची परिस्थितीही असते. त्याखाली तीच कमेंट पुन्हा पुन्हा येतेय, "दादा, आम्हीपण चाळीत वाढलो, आम्ही कुठे चाकू काढला?" बरं. बेकारी, अर्धवट सुटलेली शाळा, दहा बाय दहाची खोली... ही कारणं माहितीयत सगळ्यांना, पुढे चला.

ठाण्यात घोडबंदर रोडला खड्डे आहेत म्हणून प्रत्येक बाईकवाला पडतो का? नाही. पण खड्डे वाढले की पडणारे वाढतात. इतकंच म्हणतोय मी! आणि नुसती गरिबी नाही हो, तफावत. 39 देशांतले खुनांचे आकडे तपासून तीन अर्थतज्ज्ञांनी 2002 साली मांडलं, की उत्पन्नातली दरी मोठी तिथे खूनही जास्त. तुमच्या चाळीत सगळ्यांचीच खोली सारखी. वडील वागळे इस्टेटला परमनंट, दिवाळीला बोनस. खुपणार काय डोळ्यात?

मी बारावीनंतर कुरिअर टाकायचो. भर पावसात एका टॉवरमध्ये गेलो, तर वॉचमन म्हणाला, "ए, तिकडून, सामानाच्या लिफ्टने." ती बंद. चौदा मजले चढलो. वर बाईंनी पार्सल दोन बोटांत धरलं, "ओलं केलंस." खाली उतरताना हात शिवशिवत होते. कोणावर? त्या बाईंवर नाही, वॉचमनवर! तोही दिघ्याहून दोन बस बदलून येणारा. राग वर चढतच नाही, शेजारी फुटतो. मार खाणाराही बहुतेक वेळा त्याच वस्तीतला असतो.

कॉलर धरली नाही, कारण संध्याकाळी कॉलेज होतं, सात तारखेला पगार होता. हे दोन्ही नसते तर? मला स्वतःची खात्री नाही.

"गुन्हेगारांची बाजू घेता" असं लिहिणाऱ्यांनो, चाकू मारणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पुढचा चाकू कुठून येतो, एवढंच विचारतोय.

तरी पटत नसेल तर अमेरिकेतलं फिलाडेल्फिया शहर बघा. पडीक प्लॉटवरचा कचरा उचलला, गवत पेरलं, थोडी झाडं लावली. गरीब वस्त्यांमध्ये त्या प्लॉटच्या आसपासचा गोळीबार 29 टक्क्यांनी घटला, 2018 चा अभ्यास आहे. माणसं तीच होती.

आता कोणीतरी लिहिणार, "आधी आमच्या नाक्यावरचा ढीग उचलायला सांगा." टाका फोटो. अरे, शिट्टी झाली, थांबा.