कढईचे कान आणि जॉन चॅडविक

नमस्कार मंडळी. आज एका ग्रीक भाषातज्ज्ञाची गोष्ट. जॉन चॅडविक, इंग्लंडचे, जन्म १९२०. नाव ऐकलं नसेल तर हरकत नाही. पण या माणसाचं करिअर फिरलं ते एका रेडिओ भाषणामुळे. हो, रेडिओ भाषणामुळे. म्हणून माझा यांच्यावर जरा जास्तच जीव.

केंब्रिजला ग्रीक-लॅटिन शिकत होते, मध्येच महायुद्ध आलं, नेव्हीत गेले, तिथून अलेक्झांड्रियाला इटालियन नेव्हीचे गुप्त मेसेज फोडायच्या कामाला लागले, पुढे ब्लेचली पार्कला, म्हणजे ब्रिटिशांच्या कोड फोडायच्या अड्ड्यावर, तर जपानी पण शिकले. युद्ध संपलं आणि ऑक्सफर्डच्या लॅटिन डिक्शनरीवर सहा वर्षं. डिक्शनरीवाल्यांना कोण विचारतं हो! आपल्याकडेही संस्कृत घ्यायचं ते स्कोअरिंग म्हणून, दहावी झाली की सुभाषितासकट रद्दीत. असो.

तर १ जुलै १९५२. बीबीसीवर मायकेल व्हेंट्रिस बोलत होता. प्रोफेसर नाही, आर्किटेक्ट, तिशीही गाठली नव्हती. क्रीटमध्ये नॉसोसला आणि ग्रीसमध्ये पायलोसला मातीच्या पाट्या सापडलेल्या, त्यांवरची लिपी, लिनियर बी म्हणतात तिला, पन्नास वर्षं कोणालाच वाचता येत नव्हती. आणि हा म्हणतो, ही भाषा ग्रीकच आहे, महाकवी होमरच्याही शेकडो वर्षं आधीची ग्रीक. (अमेरिकेतल्या अॅलिस कोबर बाईंनी त्याआधीच दाखवलं होतं की या शब्दांचे शेवट आपल्या विभक्तीसारखे बदलतात, त्या १९५० मध्येच गेल्या, आणि श्रेय वाटताना बाईंचं नाव शेवटीच येतं, हे मला खटकतं ते खटकतंच.)

चॅडविक ऐकत होते. आपण रेडिओ लावून भांडी घासतो, त्यांनी कान देऊन ऐकलं. लगेच विश्वास नाही ठेवला, कोड फोडणारा माणूस तो! ऑक्सफर्डच्या म्हाताऱ्या मायर्स सरांकडून व्हेंट्रिसचा तक्ता मिळवला, कुठल्या खुणेचा कुठला उच्चार तो, आणि घरी बसून शब्द लावून बघत राहिले. लागले की! ओळखीचे ग्रीक शब्द एकामागून एक निघायला लागले. मग व्हेंट्रिसला पत्र, की नुसत्या भाषातज्ज्ञाची काही मदत होणार असेल तर सांगा. व्हेंट्रिसला नेमका तोच हवा होता, जुन्या ग्रीकचं व्याकरण पक्कं असलेला.

तरी शंकेखोर होतेच. मग १९५३ मध्ये पायलोस खणणाऱ्या ब्लेगन साहेबांनी एक पाटी साफ केली, तिच्यावर शब्द आणि शब्दापुढे भांड्यांची चित्रं. व्हेंट्रिसचा तक्ता लावला तर शब्द निघाला ति-रि-पो-दे. चित्र कशाचं? तीन पायांच्या भांड्याचं! ति-रि म्हणजे आपलं त्रि, पो-दे म्हणजे पाद, आपली तिवई त्याच गोतावळ्यातली. पुढचं तर अजून भारी. क्वे-तो-रो-वे, म्हणजे चार कानांचं, चित्रात चार कड्या. ति-रि-ओ-वे, तीन कानांचं, चित्रात तीन. अ-नो-वे, बिनकानाचं, चित्रात एकही नाही. कढईला कान असतात हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही, त्या लोकांनाही नव्हतं लागत. आणि लक्षात घ्या, तक्ता आधी झाला, पाटी नंतर वाचली. तक्ता आधी, पाटी नंतर! मग जुळवून आणलंय म्हणायला जागाच कुठे राहिली.

दोघांचा जाडजूड ग्रंथ १९५६ ला आला, पण तो बाहेर पडायच्या काही आठवडे आधी व्हेंट्रिस गाडीच्या अपघातात गेला. चौतीस वर्षांचा. चॅडविक मात्र केंब्रिजला १९८४ पर्यंत याच पाट्या शिकवत, वाचत राहिले. १९९८ मध्ये गेले.

आणि हो, त्या पाटीवर राजवाड्याच्या कारकुनाने एक नोंद केलीये, एका भांड्यापुढे, की याचे पाय जळालेत. बत्तीसशे वर्षांपूर्वी. आमच्या आजीच्या माळ्यावर पण असलं एक पातेलं होतं, टाकून देऊ द्यायची नाही.