शिंपल्याच्या पेशीतले पंप

नमस्कार श्रोतेहो. समुद्रातल्या खडकांना दाटीवाटीनं चिकटून बसलेले काळपट निळे शिंपले, ज्यांना मसल म्हणतात, त्यांच्याबद्दल आज बोलायचं आहे. पाणी आत ओढायचं, कल्ल्यांवरून फिरवायचं, त्यातलं खाणं गाळून घ्यायचं, हा यांचा दिवसभराचा उद्योग. चांगला वाढलेला शिंपला तासाला लिटर-दोन लिटर पाणी सहज गाळतो. त्या पाण्यात विष असेल तर तेही अंगावरून जाणारच. मासा निदान पळू शकतो. हा फार तर शिंपा मिटून घेईल. पण मग खाणंही बंद आणि प्राणवायूही तुटपुंजा.

तरीही तो तगतो, कारण त्याच्या कल्ल्यांतल्या पेशींच्या आवरणात प्रथिनांचे पंप असतात. बाहेरचा तेलकट रेणू आवरणातून आत शिरू लागला की पंप त्याला तिथंच पकडतो आणि पेशीची ऊर्जा खर्चून परत पाण्यात ढकलतो. नाव-गाव फारसं विचारत नाही; नाना तऱ्हेची रसायनं एकच पंप हाकलतो. अशाच एका पंपाचा, पी-ग्लायकोप्रोटीनचा, शोध १९७६ साली लागला, तो मात्र औषधाला दाद न देणाऱ्या हॅमस्टरच्या पेशींत. कर्करोगाच्या गाठी औषधांना पुरून उरतात, त्यातही याचा हात असतो. तिथं आपल्याला नकोसा असलेला हा पंप शिंपल्याला मात्र तारतो.

जड धातूंपुढे पंपाचं फारसं चालत नाही. कॅडमियम, तांबं आत आलं की मेटॅलोथायोनिन नावाची गंधकयुक्त प्रथिनं त्याला बांधून ठेवतात. ओहोटीला उन्हात तापल्यावर विस्कटणारी प्रथिनं सावरायला आणखी वेगळी प्रथिनं धावतात.

पण खरी गोम पंपातच आहे. तो चालू आहे का, हे बघायची युक्ती मोठी छान आहे. कल्ल्याचा तुकडा ऱ्होडामिन या चमकणाऱ्या रंगाच्या पाण्यात ठेवायचा. पंप चालू असेल तर रंग बाहेर फेकला जातो, पेशी फिकट राहतात. अडला तर रंग आत साठून त्या झळाळतात. म्हणजे इथं झळाळी हे वाईट लक्षण! अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या शिंपल्यांवर याच पद्धतीनं साबण-अत्तरांतले कृत्रिम कस्तुरीगंध तपासले, ते निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. पेशी झळाळल्या. गंधांनी पंप अडवले होते, आणि स्वच्छ पाण्यात आणल्यावरही तो परिणाम एक-दोन दिवस टिकला.

हा गंध एकट्यानं शिंपल्याला मारत नाही. त्यामुळे ‘याच्यानं प्राणी मरतो का?’ एवढंच विचारणाऱ्या चाचणीत तो सुटतो. त्याच पाण्यातलं दुसरं विष मात्र एरवी दारातून परतलं असतं, ते आता आत मुक्कामाला राहतं, आणि पहिल्याचं नाव कुठल्याच अहवालात येत नाही. नमस्कार.