ऐकीव 'मी': खेतवाडीच्या पोटमाळ्यावरचा आत्मविचार

मुंबईत गिरगावाला लागून असलेल्या खेतवाडीच्या दहाव्या गल्लीत, एका घराच्या पोटमाळ्यावर, गेल्या शतकाच्या उत्तरार्धात रोज काही माणसे जमत असत. जागा लहान, जिना चढा, खाली रस्त्यावरची वर्दळ; आणि बोलणारे गृहस्थ मधूनच विडी शिलगावत. मारुती शिवरामपंत कांबळी हे त्यांचे घरचे नाव. जग त्यांना निसर्गदत्त महाराज म्हणून ओळखते. विडी हा त्यांचा धंदाही होता, हे सांगितल्यावर दूरदेशीहून आलेल्या साधकाची चुळबुळ थोडी वाढत असावी.

१७ एप्रिल १८९७ रोजी, हनुमान जयंतीच्या दिवशी, त्यांचा जन्म मुंबईत झाला. बालपण आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या कांदळगावात, शेतीच्या कामांत गेले. १९१५ मध्ये वडील वारल्यावर ते मुंबईत आले, थोडे दिवस कारकुनी केली, मग दुकान टाकले, आणि एकाची आठ दुकाने झाली. १९३३ मध्ये एक मित्र त्यांना सिद्धरामेश्वर महाराजांकडे घेऊन गेला.

सिद्धरामेश्वर महाराज इंचगिरी संप्रदायातले होते. त्यांचे गुरू भाऊसाहेब महाराज यांनी दीर्घ नामस्मरण आणि ध्यान यांवर भर दिला होता. सिद्धरामेश्वरांनी विवेकाची वाट अधिक मोकळी केली. संप्रदायात पहिल्या वाटेला पिपीलिका मार्ग, म्हणजे मुंगीची चाल, आणि दुसरीला विहंगम मार्ग, म्हणजे पक्ष्याची झेप, असे म्हणतात. झेप हा शब्द ऐकून ही वाट सोपी असावी असे वाटते खरे, परंतु सिद्धरामेश्वरांची विचारपद्धती पाहिली की तो समज टिकत नाही.

ते साधकाला स्थूल, सूक्ष्म, कारण आणि महाकारण अशा चार देहांतून क्रमाने नेत, आणि प्रत्येक ठिकाणी 'हा मी आहे काय?' हे तपासायला लावत. हाडामांसाचा देह माझा आहे, म्हणजे तो मी नव्हे, हे कोणीही मान्य करतो. मन, बुद्धी आणि वासना यांच्या सूक्ष्म देहाबद्दल थोडी घासाघीस होते. खरी अडचण तिसऱ्या पायरीवर येते. तेथे विचार मावळतात, काहीच उरत नाही, आणि ही पोकळी म्हणजेच ब्रह्म असे समजून साधक तेथेच बैठक मारतो. सिद्धरामेश्वरांच्या मते ती निव्वळ विस्मृती आहे. 'काहीच नव्हते' असे सांगणाऱ्याला ते काहीच नसणे कळले कसे, हा प्रश्न तिच्याने सुटत नाही. ते ज्याला कळले ती 'मी आहे' ही जाणीव म्हणजे महाकारण देह, आणि परब्रह्म त्याच्याही पलीकडे. शांततेलाही उलटतपासणीला उभे करणारा हा कठोरपणा मला या परंपरेतला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो.

गुरूने निसर्गदत्तांना सांगितले ते थोडक्यात असे: तू स्वतःला जे समजतोस ते तू नाहीस, 'मी आहे' या जाणिवेला धरून राहा. सिद्धरामेश्वरांचे देहावसान १९३६ मध्ये झाले. म्हणजे प्रत्यक्ष सहवास तीन वर्षांचाच. पुढच्या वर्षी कांबळी घरदार सोडून हिमालयाच्या ओढीने निघाले, वाटेत एका गुरुबंधूशी बोलणे झाल्यावर, संसारात राहून वैराग्य साधणे अधिक मोलाचे असे पटून परतले. आठांपैकी एकच दुकान उरले होते, आणि त्यांना तेवढे पुरेसे वाटले.

पुढे पोटमाळ्यावर त्यांनी जो विचार मांडला, त्याचा आधार रोजची मराठी होता. आपण अमुक दिवशी जन्मलो हे आपल्याला ठाऊक कसे, असे ते विचारत. आईवडिलांनी सांगितले म्हणून. नाव दुसऱ्यांनी ठेवले, जात, धर्म, वय, सगळे ऐकीव. त्यातले आपण स्वतः पडताळलेले असे काय आहे? उत्तरात एकच गोष्ट उरते: मी आहे, हे कोणी सांगावे लागत नाही. 'मीपण' आणि 'असणेपण' यांतला हा फरक मराठीत जितका सहज बोलता येतो, तितका अनुवादात येत नाही.

मोरिस फ्रीडमन या पोलंडमध्ये जन्मलेल्या अभियंत्याला तो पेलला. गांधीजींच्या सहवासात आलेला आणि औंध संस्थानच्या स्वराज्याच्या प्रयोगात हातभार लावलेला हा माणूस पोटमाळ्यावर येऊन बसू लागला, आणि ध्वनिमुद्रित मराठी संवादांवरून त्याने केलेला इंग्रजी ग्रंथ १९७३ मध्ये निघाल्यावर परदेशी जिज्ञासूंची रीघ लागली. अनेक जण वाचलेली वाक्ये घेऊन येत. 'मी ब्रह्म आहे' हेही ऐकीवच, मग ते जन्मतारखेपेक्षा वेगळे कसे, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नसे.

शेवटच्या वर्षांत निसर्गदत्त याहून पुढे गेले. ही 'मी आहे' जाणीवसुद्धा अन्नरसाच्या आधाराने टिकते, बालपणी कधीतरी न बोलावता येते आणि झोपेत नाहीशी होते. म्हणून तीही आपले शाश्वत स्वरूप नव्हे, असे ते सांगू लागले. ज्या जाणिवेला धरायला गुरूने सांगितले, तिलाच त्यांनी तात्पुरती ठरवले. घशाच्या कर्करोगाने आवाज क्षीण होत असतानाही हे बोलणे चालू होते. ८ सप्टेंबर १९८१ रोजी त्यांनी देह ठेवला.

एक गोष्ट मात्र त्यांनी तपासणीला घेतलेली दिसत नाही. देव आणि भक्त असे दोन नाहीतच, असे सकाळी सांगणारा हा माणूस दिवसातून चार वेळा भजन करीत असे. कशासाठी, असे कोणी विचारले तर त्यांचे कारण साधे होते: गुरूने तसे सांगून ठेवले होते.