बीम, सांधा आणि सत्तावीस किलोमीटरचं कडं

नमस्कार मंडळी. सोलापुरात बीम म्हटलं की मागावरचाच बीम आठवतो, ताण्याचे हजारो धागे गुंडाळलेला तो जाडजूड रूळ, एकट्याला न उचलणारा. मी आज ज्याच्याबद्दल बोलणार आहे तो बीम वेगळा आहे, पण लगेच स्टेशन बदलू नका, आपला मागाचा बीमसुद्धा मध्ये येणार आहे.

2008 चा सप्टेंबर आठवतोय का बघा. गणपती बसले होते, गल्लीत संध्याकाळी लेझीमची प्रॅक्टिस चालायची, आणि टीव्ही लावला की एकच, 10 तारखेला पृथ्वी खलास. युरोपात कुठंतरी जमिनीखाली मशीन चालू करणार, त्यातून कृष्णविवर निघणार, आणि ते आपल्याला सगळ्यांना गिळणार. मी तेव्हा हायस्कूलला विज्ञान शिकवायचो. 10 तारखेला नववीचा वर्ग निम्मा रिकामा, जी पोरं आली होती त्यातला एक उभा राहून विचारतो, "सर, आज पृथ्वी फुटणार म्हणं, खरं का? आन् मग तुम्ही कशाला शिकवलालाव?" याला काय उत्तर द्यायचं सांगा. आमच्या शेजारी एक काकू होत्या, त्यांचा भिशीचा नंबर पुढच्या महिन्यात होता, जगबुडीपेक्षा त्यांना त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

आता प्रत्यक्षात त्या दिवशी काय झालं ते ऐका. जिनिव्हाजवळ, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या हद्दीवर, जमिनीखाली साधारण शंभर मीटरवर 27 किलोमीटर घेराचा गोल बोगदा आहे. सर्न नावाची, कणांचा अभ्यास करणारी संस्था, तिचं हे मशीन, लार्ज हॅड्रॉन कोलायडर. त्यात प्रोटॉनचे पुंजके पाठोपाठ सोडायचे आणि चुंबकांनी वळवत वळवत गोल फिरवायचे, या प्रोटॉनच्या धारेला ते लोक बीम म्हणतात. तिथले सकाळचे 10 वाजून 28 मिनिटं, म्हणजे आपल्याकडं दुपारचे दोनला दोन कमी, तेव्हा बीमनं पहिल्यांदा पूर्ण फेरी मारली. बस्स. एका वेळी एकाच बाजूनं बीम सोडत होते, समोरासमोर टक्कर त्या दिवशी नव्हतीच! ज्या टकरीला घाबरून पोरं घरी बसली ती पहिली टक्कर झाली 2009 च्या नोव्हेंबरमध्ये, आणि त्या दिवशी आमच्या शाळेत हजेरी फुल्ल होती.

आणि टक्कर झाली तरी तिच्यात जोर किती? दोन प्रोटॉनच्या टकरीत जी ऊर्जा असते ती उडणाऱ्या डासांच्या हिशोबात मोजायची, चार-दोन डास धरा नाहीतर दहा-पंधरा धरा, त्यापलीकडं नाही. फक्त ती डासापेक्षा कितीतरी बारीक जागेत कोंबलेली असते, एवढीच गंमत. यापेक्षा जास्त जोराचे कण अंतराळातून आपल्या डोक्यावर कोट्यवधी वर्षं पडतायत आणि सिद्धेश्वर तलाव अजून जागच्या जागी आहे.

पण मला सांगायची खरी गोष्ट पुढची आहे, ती टीव्हीवर आलीच नाही म्हटलं तरी चालेल. नऊ दिवसांनी, 19 सप्टेंबरला, ते मशीन खरंच बिघडलं.

त्या बोगद्यात बीम वळवायला 1232 मोठे चुंबक आहेत, एकेक पंधरा मीटर लांब आणि पस्तीस टनांचा. ते द्रव हेलियमनं उणे 271 अंशापर्यंत थंड ठेवतात, का तर एवढ्या थंडीत त्यांच्या तारेचा विजेला विरोध शून्य होतो आणि हजारो अँपिअर करंट न तापता जातो. आता एका चुंबकाची तार दुसऱ्याच्या तारेला जोडायची म्हणजे मध्ये सांधा आला. असे सांधे दहा हजारांच्या आसपास. त्यातला एक नीट बसला नव्हता. आठ-नऊ हजार अँपिअर करंट चालू असताना तो तापला, वितळला, ठिणगी पडली, हेलियमच्या भांड्याला भोक पडलं, काही टन हेलियम बोगद्यात सुटलं आणि त्या दाबानं ते पस्तीस टनी चुंबक जागचे हलले. 53 चुंबक वर काढावे लागले. वर्षावर काळ गेला.

हे मी तेव्हा घरी जेवताना सांगत होतो. आमचे मामा तिथं बसलेले, ते चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग नीट चालू ठेवणारे, होते, शाळा सातवीपर्यंत. ते भाकरी मोडता मोडता म्हणाले, "सांधा कच्चा मारला आसंल." मी म्हटलं मामा, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाले यात कळायचं काय, आपल्याकडं बीम संपला की जुन्या बीमच्या प्रत्येक धाग्याला नव्याचा धागा गाठ मारून जोडतात, हजारो गाठी, आणि हजारातली एक ढिली राहिली की पुढं माग चालू झाल्यावर तीच नडते. नवीन माणूस असला की तो कापड बघत बसतो, जुना माणूस आधी गाठी बघतो. मग त्यांनी मला विचारलं, "चालू करायच्या आधी त्यांनी सगळे सांधे तपासले नव्हते का?"

मंडळी, हाच प्रश्न तिथल्या चौकशीतसुद्धा होता. आधी ते सांधे बारकाईनं मोजायची सोय कमी पडली होती, ती नंतर वाढवली. आणि 2013 पासून दोन वर्षं मशीन बंद ठेवून त्यांनी काय केलं, तर ते दहा हजार सांधे उघडून तपासले, खराब होते ते पुन्हा नव्यानं मारले, आणि प्रत्येकाला तांब्याच्या पट्टीचा आधार दिला. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांना लई समाधान वाटलं, जसं काय त्यांचंच ऐकून केलं.

म्हणून लोकांना यातलं काय कळतंय असं कुणी म्हटलं की मला राग येतो. 2008 ला पानटपरीपासून कारखान्यापर्यंत सगळे कणांबद्दल बोलत होते, एवढा इंटरेस्ट मी वर्गात आयुष्यात कधी तयार करू शकलो नाही, आणि एवढ्या कान देऊन बसलेल्या लोकांना आपण काय दिलं, तर भीती. 2012 च्या 4 जुलैला हिग्ज बोसॉन नावाचा कण सापडल्याचं जाहीर झालं तेव्हा परत तेच, पेपरात देवकण, देवकण. वैज्ञानिकांना ते नाव अजिबात आवडत नाही. माझ्या आईनं विचारलं होतं, देवकण आहे तर देऊळ कुठं बांधणार. चूक तिची नाही हो, नावच तसं दिलं तर माणूस देऊळच विचारणार. त्यातल्या बोसॉन शब्दात आपले सत्येंद्रनाथ बोस आहेत, ते सांगायचं मात्र राहून जातं.

आता दुसरा प्रश्न, याचा आपल्याला उपयोग काय. हा विचारायलाच पाहिजे. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही आणि भारत 2017 पासून त्या सर्नचा सहयोगी सदस्य आहे, म्हणजे वर्गणी आपणही भरतो. यावर ठरलेलं उत्तर असं की वर्ल्ड वाइड वेब तिथंच जन्मलं, 1989 ला, आणि 1993 ला त्यांनी ते जगाला फुकट दिलं. खरं आहे ते. पण मला हे उत्तर थोडं पळवाटीचं वाटतं, कारण वेब काही हिग्ज शोधता शोधता सापडलं नाही, हजारो माणसांना एकमेकांचे कागद बघायची सोय हवी होती म्हणून एकानं ते बनवलं. सरळ उत्तर हे की हे सगळं कशाचं बनलंय ते बघायचंय, आणि त्याला पैसा लागतो. पटलं तर द्या, नाही पटलं तर नाही म्हणा. अमेरिकेनं 1993 ला नाही म्हटलं, टेक्सासमध्ये 87 किलोमीटरचं मशीन करायचं ठरलं होतं, वीसेक किलोमीटर बोगदा खणून झाला होता, खर्च फुगत चालला तेव्हा तिथल्या संसदेनं पैसेच बंद केले.

आपल्याकडंही असं एक अडकलंय. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात डोंगराच्या पोटात न्यूट्रिनो, म्हणजे जवळजवळ कशातूनही आरपार जाणारे बारीक कण, ते पकडायची प्रयोगशाळा करायची, पन्नास हजार टन लोखंडाचा चुंबक, 2015 ला केंद्राची मंजुरी. गावकरी म्हणाले डोंगराचं काय, पाण्याचं काय, आणि ते किरण येणार त्याचं काय. पहिले दोन प्रश्न रास्त. तिसऱ्याचं उत्तर मात्र सोपं होतं, सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो आपल्या नखाएवढ्या जागेतून सेकंदाला सहा हजार कोटींच्या वर आत्ताही जातायत, रेडिओ ऐकताना, झोपेतसुद्धा. 1965 ला कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरच्या खाली आपल्या टाटा इन्स्टिट्यूटच्या लोकांनी जपानी आणि इंग्रज वैज्ञानिकांबरोबर असे न्यूट्रिनो पकडले होते, फक्त ते वातावरणात तयार झालेले होते. असे वातावरणातले न्यूट्रिनो जगात अगदी पहिल्यांदा ज्यांनी पकडले त्यांत ते होते. एवढी जुनी ओळख असून गावात जाऊन गावाच्या भाषेत सांगायला उशीर झाला की पुढं कोर्टकचेरी होते.

आता सर्नवाल्यांच्या डोक्यात पुढचं मशीन आहे, 91 किलोमीटर घेराचं. पहिल्या टप्प्याचा अंदाज पंधरा अब्ज स्विस फ्रँक, म्हणजे आपले दीड लाख कोटींच्या वर, आणि करायचं की नाही ते अजून ठरायचंय. मामा आता थकलेत, कारखाना केव्हाच बंद झाला, त्यांना हे सांगायला गेलो तर 91 म्हणजे किती ते कळेना. म्हटलं कोजागिरीला तुळजापूरला चालत जाता ना, तसं जाऊन परत चालत यायचं, एवढं. त्यांनी जरा वेळ हिशोब केला. मग विचारलं, "लई सांधे येतील की रे. मारणारी माणसं कुठनं आणणार? आन् हजेरी काय देणारेत?"