रजिस्टरातला एक रकाना

श्रोतेहो, नमस्कार. इंदूरच्या मराठी मंडळांतल्या ज्या भगिनी महिला मदत केंद्रांत हातभार लावतात, त्यांच्यासाठी आज थोडं रजिस्टराविषयी.

‘घरी हिंसा होते का?’ असं विचारलं की रामबागेतली सून पदर सावरत ‘छे हो’ म्हणते. ‘थप्पड मारली? केस ओढले? पगार काढून घेतात?’ असं एकेक विचारा, मग ती बोलू लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही असंच विचारतात. एका घरातली एकच बाई निवडतात, तीही एकटी असताना; कुणी आलं की थांबतात. २०१९-२१ च्या पाहणीत मार किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कुणाची तरी मदत मागितली होती. दारात आलेल्या बाईला मग तीच हकीकत तीन टेबलांवर सांगायला लावणं बरं नव्हे.

‘मारहाण’ हा एकच रकाना असेल तर आजच वाढवा: ‘गळा दाबला होता का?’ अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जोडीदाराने पूर्वी गळा दाबलेल्या बायकांचा त्याच्याच हातून खून होण्याचा धोका सातपटीहून अधिक दिसला. मानेवर वळ पुष्कळदा उठतच नाही. म्हणून आवाज बसला का, गिळताना दुखतं का, शुद्ध हरपली होती का, हेही विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर त्याच दिवशी डॉक्टर. समझोत्याची बैठक मुळीच नको.

आता मागच्या तीन महिन्यांचे कागद काढा. नावांऐवजी क्रमांक घाला, नावांची यादी वेगळ्या कुलपात. प्रत्येकीच्या चार तारखा लिहा: बाई आली, डीआयआर (म्हणजे घरगुती हिंसेच्या घटनेचा ठरावीक नमुन्यातला अहवाल) भरला, तो कोर्टात पोचला, पहिली सुनावणी झाली. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याप्रमाणे अर्ज कोर्टाला मिळाल्यापासून सुनावणी साधारण तीन दिवसांत लागायला हवी. डीआयआर भरल्यापासून तो कोर्टात पोचेपर्यंतच पंधरवडा गेला असेल, तर कोर्टाला नावं ठेवण्याआधी आपलं कपाट उघडून बघावं.

बाई पुन्हा फिरकलीच नाही, तर ‘तिलाच नको होतं’ असा शेरा मारू नका. बऱ्याचदा आपला फोन नवऱ्याने उचललेला असतो. नंबर कुणाच्या हातात असतो, कोणत्या वेळी फोन करायचा, दुसऱ्याने उचलला तर काय सांगायचं (‘शिवणक्लासमधून बोलतेय’ चालेल का?), हे पहिल्याच भेटीत तिलाच विचारून लिहा. तारखांच्या अशा अभ्यासासाठी आपली माहिती वापरायला ती ‘नाही’ म्हणाली, तरी मदत तेवढीच.

महिला हेल्पलाइनचा नंबर १८१. तो तिच्या मोबाइलमध्ये कोणत्या नावाने ठेवायचा, तेही तीच सांगेल.